पाचशे रुपयांत काय होतंय?

‘गुंतवणूक’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? टीव्हीच्या पडद्यावर खालून धावणारे आकडे, टाय लावून भराभरा बोलणारा माणूस, नाहीतर पुण्यात आयटीत असलेला एखादा भाचा. तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी, लॅबमध्ये पेशंटची नावं लिहून घेणारी, बालवाडीत शिकवणारी किंवा पार्लरमध्ये काम शिकता शिकता चार पैसे मिळवणारी वीस-बावीस वर्षांची मुलगी काही डोळ्यांसमोर येत नाही. तिचा पगार आठ-दहा हजार. त्यातले निम्मे घरात द्यायचे, मग एसटीचं भाडं, मोबाइलचा रिचार्ज, मैत्रिणीच्या लग्नाचा आहेर. महिनाअखेरीला हातात उरतात पाचशे, फार तर हजार. तिला गुंतवणुकीचं विचारलंत, तर ती हसून म्हणते, “पाचशे रुपयांत काय होतंय?”

प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तरही सरळच देऊ. दरमहा ५०० रुपये पीपीएफमध्ये, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक खात्यात, १५ वर्षं न चुकता भरले आणि व्याज ७.१ टक्केच राहिलं, तर भरलेल्या ९० हजारांचे सुमारे १ लाख ५८ हजार होतात. यात घर येत नाही, की लग्नाचा खर्चही निघत नाही. (लग्नाच्या खर्चासाठी मुलीनेच पैसे साठवावेत का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे!) तेव्हा पाचशे रुपयांत श्रीमंत व्हाल असं कुणी सांगितलं, तर त्याच्यापासून चार हात लांबच राहा.

मग तरीही एवढा आग्रह कशासाठी? तर मैत्रिणींनो, बाविसाव्या वर्षी रक्कम लहानच असते. पण आपला पैसा कुणाच्या हातात राहायचा, हे साधारण त्याच वयात ठरून जातं. आधी वडिलांच्या, मग भावाच्या, मग नवऱ्याच्या. यात कुणी वाईट असतं असं नाही. “तुला कशाला ताप, मी बघतो ना,” हे प्रेमानेच म्हटलेलं असतं. पण दहा वर्षं कमावून चाळिशीकडे झुकलेल्या बाईला ‘तुमच्या नावावर काय आहे?’ असं विचारलं आणि तिला सांगता येईना, तर त्याची सुरुवात त्या प्रेमळ वाक्यापाशीच झालेली असते.

ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

समजा, एक मुलगी आहे. वय बावीस, लॅबमध्ये नोकरी, पगार साडेनऊ हजार. पगार बँकेत जमा होतो म्हणून ती खुशीत आहे. पण खातं उघडताना मोबाइल नंबर दिला तो भावाचा, कारण तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता. एटीएम कार्ड आईच्या कपाटात. आता हे खातं कुणाचं? कागदावर तिचं, पण व्यवहारात नाही. तिने कुठेही पैसे गुंतवायचे म्हटले तरी ओटीपी भावाच्या मोबाइलवर जाणार, आणि तो ट्रकवर असेल तर संध्याकाळपर्यंत वाट बघायची!

म्हणून गुंतवणुकीची पहिली पायरी कुठली योजना नाहीच मुळी. आपलं खातं, त्याला आपला नंबर, आपलं आधार, आपलं पॅन, आणि पासबुक आपल्याजवळ. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या निमित्ताने बँकांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. आधार जोडलेलं स्वतःचं खातं हवं, ही अट होती. कितीतरी जणींना तेव्हाच कळलं, की आपलं खातं बंद पडलंय किंवा नंबर दुसऱ्याचाच आहे. तुमचं खातं अजून तसंच असेल तर एक दिवस अर्धी रजा टाका आणि बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या. शिल्लक ठेवायची भीती वाटत असेल, तर किमान शिलकीची अट नसलेलं मूळ बचत खातं बँका उघडून देतात, तसं स्पष्ट मागा. आणि वारसाचं नाव लावायला विसरू नका.

खातं हातात आलं की लगेच पैसे गुंतवायचे? थांबा. आधी उधारी बघा. आपल्याकडे व्याज बोलायची पद्धत मोठी फसवी आहे. गावातला सावकार किंवा ओळखीची बाई म्हणते, “शेकडा तीन.” ऐकायला तीनच! पण ते महिन्याचं असतं. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. बचत गटातलं शेकडा दोनचं कर्जही वर्षाला चोवीस टक्क्यांचं होतं (गटात ते व्याज निदान आपल्यातच फिरतं). उलट बँक ‘सात टक्के’ म्हणते, ते वर्षाचं. आता डोक्यावर शेकडा तीनचे दहा हजार असताना सात टक्क्यांच्या ठेवीत पैसे टाकणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. आधी ते दहा हजार फेडा. छत्तीस टक्के वाचवणारी याहून चांगली गुंतवणूक तुम्हाला कुठेही मिळणार नाही.

अडीनडीचे पैसे

उधारी फिटली, की पुढचं काम अडीनडीची रक्कम बाजूला काढण्याचं. आपल्या तीन महिन्यांच्या खर्चाइतके पैसे असावेत असं म्हणतात. साडेनऊ हजार पगारातली मुलगी घरात देते ते धरून आठ हजार खर्च करत असेल, तर हे झाले चोवीस हजार. हजार-हजार करत दोन वर्षं लागतील, पाचशेने तर चार. लागू देत. ही रक्कम नसेल, तर पुढची सगळी गुंतवणूक पहिल्याच आजारपणात मोडावी लागते. नाहीतर कानातलं सोनाराकडे जातं.

यासाठी बँकेची वर्षभराची आवर्ती ठेव, आपली आरडी, उत्तम. पगार झाला की दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप कापला जाईल अशी सोय करून घ्यायची. महिनाअखेरीला उरलं तर टाकू म्हणणाऱ्यांचं कधीच उरत नाही. वर्ष संपलं की ती रक्कम मुदत ठेवीत टाका आणि नवी आरडी सुरू करा. पोस्टाची आरडीही चांगली. महिना १०० रुपयांपासून घेतात आणि मागे सरकार आहे. ऑक्टोबर २०२३ पासून तिला ६.७ टक्के व्याज मिळू लागलं. त्या दराने महिना १००० भरले तर पाच वर्षांनी ६० हजारांचे ७१ हजारांच्या थोडे वर होतात. पण ती पाच वर्षांची आहे. तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, बारा हप्त्यांनंतर निम्म्यापर्यंत कर्ज तेवढं मिळतं. म्हणून अडीनडीला बँकेची, आणि पुढच्या एखाद्या ठरलेल्या खर्चाला पोस्टाची, अशी वाटणी मला पटते.

आता भिशीचं. भिशीला नावं ठेवायची पद्धत आहे, मी ठेवणार नाही. दहा जणींनी दर महिन्याला पाचशे काढायचे आणि चिठ्ठीत नाव येईल तिला पाच हजार उचलून द्यायचे, यात शिस्त आहे आणि गप्पाही आहेत. पण साध्या भिशीत व्याज नसतं आणि कागदही नसतो. एखादी आपली उचलून मोकळी झाली आणि पुढचे हप्ते द्यायची बंद झाली, तर आपण कुठे दाद मागणार? शेजारच्या पाच-दहा जणींची, ओळखीतली, लहान रकमेची असेल तर चालू द्या. पण ‘मोठी भिशी’, ‘लिलावाची भिशी’ असं ऐकू आलं, की उठून घरी या.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे

इथे जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण आपल्या गावांतून सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडाला आहे. बँकेत ठेव बुडाली, तर ‘डीआयसीजीसी’ या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा विमा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेली गेली. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या ठेवी, व्याजासकट, मिळून. सरकारी बँक, खासगी बँक, नागरी सहकारी बँक, जिल्हा बँक, सगळ्यांना तो लागू आहे. तरीही त्रास व्हायचा तो होतोच. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. लोक बँकेच्या दारात रडत होते. पण निदान विमा तरी होता.

पतसंस्थेला हा विमा नाही. मल्टिस्टेट म्हणून पाटी लावली, काचेचं ऑफिस केलं, एसी लावला, तरीही नाही. दारावर येऊन रोज वीस-पन्नास रुपये नेणारा पिग्मी एजंट ओळखीचा असतो, संचालक गावातलेच मानाचे असतात, बँकेपेक्षा दोन-तीन टक्के व्याज जास्त असतं. मोह होतो. सगळ्याच पतसंस्था वाईट असं मुळीच नाही. कित्येक नीट चालल्या आहेत, आणि बँक दारात उभं करत नव्हती तेव्हा त्यांनीच गरजूंना कर्ज दिलं. पण पहिल्यांदा साठवणाऱ्या मुलीची अडीनडीची सगळी रक्कम तिथे नसावी, एवढं मी ठामपणे म्हणेन. जास्तीचे दोन टक्के म्हणजे चोवीस हजारांवर वर्षाला चारशे ऐंशी रुपये, महिन्याला चाळीस. त्यासाठी चोवीस हजार टांगणीला लावायचे का?

दामदुपटीवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ‘टोरेस ज्वेलरी’ची दुकानं बंद झाली आणि गुंतवणूकदारांची झुंबड उडाली. दर आठवड्याला परतावा देऊ, असं तिथे सांगितलं होतं. आठवड्याला! कुठला प्रामाणिक धंदा आठवड्याला टक्केवारी वाटतो?

पॉलिसीवाले काका

नोकरी लागल्याची बातमी नातेवाइकांत पसरली, की महिन्याभरात एक काका घरी येतात. चहा होतो. मग पिशवीतून कागद निघतात. “बेटा, बचतही होईल आणि विमाही. वर्षाला फक्त बारा हजार.” वडील मान डोलावतात, कारण काका घरचे. मुलगी सही करते. वर्षाला बारा हजार म्हणजे महिन्याला हजार, म्हणजे तिच्या हातात जे काही उरतं ते सगळं, पुढची वीस वर्षं.

यात गोम अशी, की विमा आणि बचत एकत्र केली की दोन्ही अर्धवट होतात. अशा पॉलिसीत विम्याची रक्कम असते लाख-दोन लाख, आणि शेवटी हातात येणारी रक्कम हप्त्यांशी ताडून पाहिली, तर व्याज बहुतेक वेळा साध्या मुदत ठेवीच्या आसपास किंवा त्याहून कमी निघतं. मुख्य म्हणजे मोडायची सोय नाही. नोकरी सुटली, लग्न होऊन गाव बदललं, दुसऱ्या वर्षी हप्ता भरता आला नाही, की भरलेल्यातलं बरंचसं गेलं. ऑक्टोबर २०२४ पासून नियम थोडे सुधारले आहेत. नव्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल, तर काही रक्कम परत मिळते. तरीही तोटा तो तोटाच. काका वाईट नाहीत. पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून त्यांना चांगलं कमिशन मिळतं, हा त्यांचा व्यवसाय आहे. आपण आपला बघावा.

सही होऊन गेली असेल तर? पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, थोडी कापाकापी होऊन पैसे मिळतात. काकांना काय सांगायचं, हा खरा अवघड प्रश्न! “काका, माझा पगार अजून पक्का नाही, दोन वर्षांनी बघू,” एवढं पुरतं. घर आपल्या पगारावर चालत असेल आणि विमा खरोखर हवा असेल, तर बँक खात्यातूनच प्रधानमंत्री जीवनज्योती विमा घेता येतो. २०२२ पासून त्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आहे, संरक्षण दोन लाखांचं. अपघात विम्याचा सुरक्षा विमा तर वर्षाला २० रुपयांत. यात परत काही मिळत नाही, आणि विमा असाच असायला हवा.

सोन्याबद्दल दोनच वाक्यं. अंगावर घालायला हवं म्हणून दागिना घ्या, खुशाल घ्या, पण घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी देऊन घेतलेला दागिना मोडताना ते पैसे परत येत नाहीत, हे लक्षात असू द्या. आणि सोनाराकडच्या अकरा महिन्यांच्या योजनेत आपण हप्ते भरतो ते सोन्यात नाही, सोनाराच्या गल्ल्यात जमा होत असतात. दुकानाला कुलूप लागलं, तर?

आता पुढची पायरी

अडीनडीची रक्कम झाली. शेकडा तीनची उधारी नाही. आता महिन्याचे हजार रुपये मोकळे आहेत. इथून खरी लांबची गुंतवणूक सुरू होते, आणि ती फार सोपी आहे. निम्मे सुरक्षित ठिकाणी, निम्मे वाढणाऱ्या ठिकाणी.

सुरक्षित म्हणजे पीपीएफ. पोस्टात किंवा बँकेत उघडतं. वर्षाला कमीत कमी ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, जास्तीत जास्त दीड लाख. एप्रिल २०२० मध्ये व्याजदर ७.१ टक्के झाला आणि २०२५ सालभरही तोच होता. व्याजावर कर नाही. महिन्याच्या ५ तारखेच्या आत पैसे भरले तर त्या महिन्याचं व्याज धरतात, ही छोटी गोष्ट लक्षात ठेवा. पंधरा वर्षं अडकतात खरे, पण सातव्या वर्षापासून थोडे काढता येतात. आणि मुलींच्या दृष्टीने महत्त्वाचं, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलात तर खातं तिथे बदलून घेता येतं. (दोन वर्षांचं ‘महिला सन्मान बचतपत्र’ मात्र ३१ मार्च २०२५ ला बंद झालं. कुणी अजून त्याची फाइल घेऊन आलं, तर परत पाठवा.)

वाढणारी जागा म्हणजे म्युच्युअल फंडाची एसआयपी. ५०० रुपयांत सुरू होते, काही ठिकाणी शंभरातही. २०२५ च्या फेब्रुवारीत २५० रुपयांच्या ‘छोट्या’ एसआयपीही आल्या. आपल्यासारख्या हजारो लोकांचे पैसे एकत्र करून फंड कंपन्यांचे शेअर्स घेतो. कुठला फंड, म्हणून डोकं खाजवू नका. बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निफ्टी निर्देशांकावर चालणारा साधा इंडेक्स फंड पहिल्यांदा पुरेसा आहे. त्याचा खर्चही कमी असतो. प्रत्येक फंडाचे ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ असे दोन प्रकार असतात. रेग्युलरमधून वितरकाला दरवर्षी कमिशन जातं. स्वतः फॉर्म भरायची तयारी असेल तर डायरेक्ट घ्या. कुणी तुम्हाला हाताला धरून शिकवणार असेल, तर रेग्युलरही चालेल, पण ते माहीत असून घ्या.

आणि हो, हे पैसे खाली जातात. ‘जोखीम’ ‘जोखीम’ असं जाहिरातीत घाईघाईने म्हणतात ना, त्याचा अर्थ हा. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्च २०२० ला तो २६ हजारांच्याही खाली बंद झाला. म्हणजे भरलेल्या दहा हजारांचे सहा-साडेसहा हजार दिसायला लागले. ज्यांनी घाबरून काढले त्यांचा तोटा पक्का झाला. ज्यांची अडीनडीची रक्कम वेगळी होती, त्यांना काढायची गरजच पडली नाही, आणि वर्ष संपायच्या आत सेन्सेक्स जुन्या पातळीच्या वर गेला होता. दर वेळी इतक्या लवकर भरून निघेल असं नाही. म्हणून सात-आठ वर्षं लागणार नाहीत, तेवढेच पैसे इथे टाकायचे. महिना हजारप्रमाणे दहा वर्षांत भरले १ लाख २० हजार. वर्षाला सहा टक्के वाढ धरली तर साधारण १ लाख ६४ हजार, दहा टक्के धरली तर २ लाख ५ हजार. यातलं काय होईल, हे छातीठोक सांगणारा माणूस भेटला तर ओळखा, तो काहीतरी विकतोय.

एसआयपी हप्ता चुकला तर फंड दंड लावत नाही. पण खात्यात पैसे नसल्याने बँकेचं शुल्क लागू शकतं, म्हणून अडचणीच्या महिन्यात आधीच थांबवा. मोबाइलवर शेअर्सच्या ‘टिप्स’ देणारे ग्रुप आणि ऑप्शन्सचे खेळ मात्र सुरूच करू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सेबी’ने पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या दर शंभर सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात होते.

लग्नानंतर नावाचं काय?

हा भाग कुठल्याच गुंतवणुकीच्या पुस्तकात नसतो, कारण ती बहुधा पुरुषांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कधी कधी तर पहिलंही! आधारवर नवं नाव, पॅनवर जुनं, पीपीएफवर जुनं, बँकेत तिसरंच. मग पैसे काढायच्या वेळी कारकून म्हणतो, “मॅडम, हे तुम्हीच कशावरून?”

पहिली गोष्ट, नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. ठेवायचं असेल तर खुशाल माहेरचं ठेवा. बदलायचं असेल तर लग्नाची नोंदणी लगेच करून दाखला घ्या आणि एका ओळीने सगळीकडे बदला. आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग पोस्ट आणि फंड. पॅनचा नंबर जन्मभर तोच राहतो, फक्त नाव दुरुस्त होतं. दुसरं पॅन काढायचं नाही, दोन पॅन ठेवणं गुन्ह्यासारखंच आहे, दहा हजारांचा दंड होऊ शकतो.

वारस म्हणून लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असेल, तर ते लग्नानंतर तसंच ठेवायचं की बदलायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. सासरी खात्याबद्दल सांगायचं की नाही, तेही. माझं मत विचाराल तर सांगावं, लपवाछपवीने संशय वाढतो. सांगावं, पण पासबुक आणि मोबाइल नंबर आपल्याकडेच ठेवावा. आणि नवा मोबाइल नंबर घेतलात, नवऱ्याच्या ‘फॅमिली प्लॅन’मध्ये गेलात, तर जुना बंद करायच्या आधी बँक, पोस्ट आणि फंड, तिन्हीकडे नवा कळवून घ्या.